जमवायचंच असेल, तर कॅसेटवाला गेम जमवा!



इंजिनिअरिंगला आलं की माणसाला काही ना काही जमवायचा नाद लागतो. कुणी मागच्या पाच वर्षांचे पेपर जमवतो, कुणी सीनिअर्सची जर्नल्स जमवतो, आणि काही जण केटी जमवतात (त्या न मागता जमतात!). गेल्या वर्षभरात मात्र आपल्या हॉस्टेलमध्ये एक नवीनच साथ आली आहे. जुने व्हिडिओ गेम कन्सोल जमवायची साथ! मेसमध्ये ताट घेऊन बसावं, तर एका बाजूला 'सेगा', दुसऱ्या बाजूला 'निन्टेन्डो', आणि मध्ये गार होत चाललेली आपली पोळी. कुणी अमेरिकेतल्या काकांकडून पार्सल मागवतोय, कुणी स्कॉलरशिप जमा झाली की पहिलं निन्टेन्डो ६४ घेणार म्हणून बसलाय. प्रश्न सगळ्यांचा एकच. "यार, जमवायचं तर नक्की कुठल्या कन्सोलचं जमवू?"

मला कुणी विचारलेलं नाही. पण मॅगझिनची दोन पानं रिकामी आहेत असं कळलं, तेव्हा माझं मत सांगूनच टाकतो. सेगा नको, निन्टेन्डो ६४ नको, डिस्कवाले तर आत्ता अजिबात नकोत. जमवायचाच असेल तर आपल्या घरात, मामाच्या घरात, शेजारच्या काकूंच्या टीव्हीवर जो चालायचा तो कॅसेटवाला गेम जमवा. समुराई, लिटल मास्टर, मिताशी, किंवा नावच नसलेली ती पांढरी-लाल पेटी. हसू नका, पुढे वाचा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. नाणी किंवा तिकिटं जमवणं वेगळं आणि कन्सोल जमवणं वेगळं. नाणं डबीत ठेवलं की झालं, ते पन्नास वर्षांनीही नाणंच राहतं. कन्सोल मात्र चालला तरच कन्सोल, नाहीतर तो प्लॅस्टिकचा डबा. पण सध्या बाजार चाललाय तो डब्यांचाच. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात 'सुपर मारिओ ६४'ची एक सीलबंद प्रत १५.६ लाख डॉलरला गेली. म्हणजे तेव्हाच्या भावाने अकरा कोटी रुपयांच्या वर! आणि गंमत अशी, की ती प्रत उघडली की किंमत संपली. म्हणजे जो गेम कधीच खेळायचा नाही त्याला सगळ्यात जास्त भाव. शेअर मार्केट म्हणून हे ठीक असेल, पण त्याला छंद म्हणायला माझी जीभ वळत नाही. आपल्यासारख्या महिन्याच्या वीस तारखेला चहाची उधारी ठेवणाऱ्यांनी तर या शर्यतीत उतरूच नये.

मग निवडायचं कसं? माझ्या मते चार प्रश्न विचारावेत. एक, बिघडला तर आपल्याला दुरुस्त करता येईल का? दोन, आपल्याकडच्या विजेवर आणि आपल्याकडच्या टीव्हीवर तो चालेल का? तीन, चार पोरांना बसून खेळता येईल का? आणि चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आपण नाही जमवला तर दुसरं कुणी जमवणार आहे का?

आता एकेक उमेदवार घेऊ.

सेगा मेगा ड्राइव्ह. जपानात १९८८ साली आला. आत मोटोरोलाचा ६८००० प्रोसेसर, आवाजासाठी यामाहाची चिप, मजबूत बांधणी, कॅसेटवर चालणारा. यंत्र म्हणून त्याला नावं ठेवायला जागाच नाही. पण आपल्याशी त्याचं नातं काय? १९९५ मध्ये तो भारतात अधिकृतपणे आला, तो मद्याच्या धंद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या शॉ वॉलेस कंपनीमार्फत. किंमत अठरा हजार रुपये! १९९५ चे अठरा हजार! तेवढ्यात मध्यमवर्गीय घरात टीव्ही आणि फ्रिजचा विचार व्हायचा. त्यामुळे तो फार थोड्या घरांत पोचला. अमेरिकेत आणि युरोपात त्याचे जमवणारे हजारोंनी आहेत, त्याला आपली गरज नाही.

निन्टेन्डो ६४. चार जणांसाठी चार जागा, झकास. पण कन्सोल, चार कंट्रोलर आणि कॅसेटी, सगळंच बाहेरून मागवायचं. त्यावर कस्टम्स, त्यावर कुरिअर, आणि आलेली कॅसेट खरी की नकली हे पार्सल फोडेपर्यंत कळत नाही. अमेरिकेतून किंवा जपानमधून काहीही मागवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. तिथला सप्लाय १२० आणि १०० व्होल्टचा, आपला २३० चा. ट्रान्सफॉर्मर न लावता तिथला अ‍ॅडॅप्टर आपल्या सॉकेटमध्ये घातला, तर पहिल्याच मिनिटाला धूर. शिवाय अमेरिकन एनईएसचा अ‍ॅडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतो, जपानी फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी लागतो आणि त्याच्या पिनेच्या मधोमध निगेटिव्ह! पोलॅरिटी न बघता कुठलाही अ‍ॅडॅप्टर खुपसणाऱ्यांनी निदान ही ओळ तरी दोनदा वाचावी.

प्लेस्टेशन २. इथे मात्र माझंही मन डगमगतं. हा कन्सोल भारतात खरोखर खेळला गेला. शिवाय त्याच्यावर आपल्याकडे बनलेले गेम आहेत. 'हनुमान: बॉय वॉरियर' २००९ मध्ये आला, तो हैदराबादेत तयार झाला होता. त्याच वर्षी 'देसी अड्डा' आला, कबड्डी आणि पतंगबाजीचा. खेळायला ते कसे आहेत हा प्रश्न वेगळा, पण ते आपले आहेत. अडचण आहे लेझरची. डिस्कवाल्या कन्सोलमध्ये फिरणारी मोटर, सरकणारं कॅरेज आणि म्हातारा होत जाणारा लेझर असतो. तो गेला की नवीन पिकअप शोधत फिरा. म्हणून माझं म्हणणं, दिसल्या तर या दोन-तीन डिस्क जरूर घेऊन ठेवा, पण जमवायचा मुख्य कन्सोल हा नको.

आता आपल्या उमेदवाराकडे येऊ.

१५ जुलै १९८३ रोजी निन्टेन्डोने जपानमध्ये फॅमिकॉम आणला. मासायुकी उएमुरा यांनी त्याची रचना केली. किंमत १४,८०० येन. त्याला कसलंही कुलूप नव्हतं. पुढे १९८५ मध्ये अमेरिकेत एनईएस गेला, तेव्हा निन्टेन्डोने त्यात लॉकआउट चिप बसवली आणि कॅसेटच्या पिना साठाच्या बहात्तर केल्या. पण जपानी साठ पिनांच्या यंत्राला कुलूप नव्हतंच. तैवानच्या यूएमसीसारख्या कंपनीने त्याच्या सीपीयूची आणि चित्र काढणाऱ्या चिपची नक्कल बनवली, आणि मग आशियाभर, रशियात, आपल्याकडे त्या पेट्यांचा पूर आला. आपल्या लहानपणीचा 'व्हिडिओ गेम' तो हाच. मी तासगावकडचा. आमच्याकडे 'कन्सोल' हा शब्दच कुणाला ठाऊक नव्हता. यंत्राला गेम म्हणायचे, कार्ट्रिजला कॅसेट आणि कंट्रोलरला रिमोट. निन्टेन्डो नावाची कंपनी आहे हे मला बारावीनंतर कळलं.

पहिला प्रश्न, दुरुस्ती. ज्या जुन्या पेट्यांत चिप्स सुट्ट्या आहेत, त्या उघडून बघा. अरे, हा तर आपलाच सिलॅबस! सप्लायला ७८०५ रेग्युलेटर, जो प्रत्येक मिनी प्रोजेक्टमध्ये आपण एकदा तरी जाळतो. सीपीयू ६५०२ घराण्यातला, म्हणजे १९७५ चा, आपल्या लॅबमधल्या ८०८५ पेक्षा एक वर्षाने मोठा. गंमत म्हणजे ८०८५ च्या व्हायवाला आपल्याला डीएए इन्स्ट्रक्शन विचारून छळतात, आणि इथे रिको कंपनीने बीसीडीची सोयच बंद करून टाकली होती! मूळ फॅमिकॉमच्या रिमोटमध्ये ४०२१ शिफ्ट रजिस्टर असतं. आठ बटणं, आठ बिट, लॅच द्या, क्लॉक द्या, एकामागून एक बिट बाहेर. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समधलं पिसो म्हणजे काय हे ज्यांना परीक्षेनंतर आठवत नाही, त्यांनी रिमोट उघडावा. कॅसेट लागत नसेल तर फुंकू नका. फुंकरीतल्या ओलाव्याने पिना गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, काळपट थर असेल तर पीसीच्या रॅमला खोडरबर मारतो तसा हलक्या हाताने मारा. सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर आणि थोडी चिकाटी एवढ्यावर काम भागतं. हां, नंतरच्या स्वस्त पेट्यांत सगळं एकाच चिपमध्ये कोंबून वर काळ्या लुकणासारखा ठिपका ओतलेला असतो. तो ठिपका मेला की पेटी मेली. म्हणून घेताना शक्यतो जुनी, सुट्ट्या चिप्सची पेटी बघा.

दुसरा प्रश्न, वीज आणि टीव्ही. खरा जपानी फॅमिकॉम तिथल्या टीव्हीच्या एक आणि दोन नंबरच्या चॅनेलवर चित्र पाठवतो. त्या फ्रिक्वेन्सी आपल्याकडे एफएम रेडिओच्या पट्ट्यात पडतात, त्यामुळे आपला टीव्ही त्याला सहजासहजी ओळख देत नाही. आपल्याकडची पेटी मात्र आपल्याकडच्या पाल टीव्हीसाठीच बनलेली. आणि इथेच मला सर्वात आवडणारा मुद्दा आहे. जपानी आणि अमेरिकन यंत्र सेकंदाला साठ चित्रं काढतं, पाल पेटी पन्नास. गेमचा वेग चित्रांना बांधलेला, म्हणजे आपला मारिओ साधारण एक षष्ठांश हळू पळायचा! पण या नकली पेट्यांच्या सीपीयूचं क्लॉक जपानी क्लॉकच्या अगदी जवळ, १.७७ मेगाहर्ट्झच्या आसपास, त्यामुळे सुरांची पट्टी जवळपास तीच, फक्त लय संथ. हे मिश्रण ना जपानचं, ना अमेरिकेचं. रशियात अशाच पेटीला 'डेंडी' म्हणत, आणि चांगल्या इम्युलेटरमध्ये या टायमिंगसाठी 'डेंडी' नावाचा वेगळा पर्याय द्यावा लागतो. म्हणजे आपण खेळलो तो मारिओ खरोखरच वेगळा होता. ही आठवणींची भावुकता नाही राव, हे गणित आहे.

तिसरा प्रश्न, चौघांचा. रिमोट दोनच, हे मान्य. पण ज्याने 'बॅटल सिटी' (आपला टँकवाला गेम, नामकोचा, १९८५ चा) जोडीने खेळलाय, त्याला विचारा. दोघं खेळतात, चौघं मागून ओरडतात, आणि "मेलास की रिमोट दे" हा कायदा सगळ्यांना मान्य असतो. 'कॉन्ट्रा'त आपली लाइफ संपली की जोडीदाराची उसनी घ्यायची, आणि त्यावरून पुढे आठवडाभर अबोला. हेडफोन लावून आपापल्या खोलीत ऑनलाइन खेळणाऱ्या आपल्या मजल्यावर असं भांडण झालेलं मी अजून ऐकलेलं नाही. ते व्हावं असं मला वाटतं.

आणि आता चौथा प्रश्न. २०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन आणि सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन नेटवर्क यांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात सरळ मार्गाने विकत मिळत नाहीत, असं त्यांना आढळलं. त्याच वर्षी २७ मार्चला निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यूचं ऑनलाइन दुकान बंद केलं. जिथे कंपन्या आहेत, संस्था आहेत, जमवणारे आहेत, तिथली ही कथा! मग आपल्या पेट्यांचं काय? आपल्या गल्लीत विकलेल्या '९९९९ इन १' कॅसेटची यादी कुठल्याही कंपनीच्या दप्तरात नाही, कारण बहुतेकांच्या मागे नाव सांगावं अशी कंपनीच नव्हती. मेनूत नऊ हजार नऊशे नव्याण्णव नावं आणि आत मोजून काही गेम, बाकी सगळे तेच, फक्त वेगळ्या लेव्हलपासून सुरू होणारे. कुणी बनवली, कुठून आली, कोल्हापुरात कुठली चालायची आणि नांदेडला कुठली, हे कोण लिहून ठेवणार? मूळ गेम जगात सुरक्षित आहेत, त्यांची काळजी नको. आपली पेटी, आपली कॅसेट, तो खोका आणि त्याच्यावरचं अगम्य इंग्रजी, हे मात्र आपण ठेवलं तरच राहणार. नाहीतर दर दिवाळीला माळा आवरताना ते भंगारवाल्याकडे जातंय. प्लॅस्टिकच्या भावात.

आता आक्षेप. पहिला, "अरे, ही तर चोरी! नकली पेट्या काय जमवायच्या?" आक्षेप रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. त्या कॅसेटींतले गेम बनवणाऱ्यांना आपल्याकडून एक रुपयाही गेला नाही. म्हणून माझी साधी रेघ अशी आहे. ज्या पेट्या आणि कॅसेटी आधीच घरोघरी पडून आहेत त्या सांभाळायच्या, पण नव्याने कॉपी काढायच्या नाहीत आणि विकायच्या तर मुळीच नाहीत. आणि साठ पिनांच्या पेटीचा एक फायदा ऐका. खऱ्या जपानी फॅमिकॉमच्या कॅसेटीही त्याच मापाच्या. 'सुपर मारिओ ब्रदर्स'सारख्या कॅसेटी जपानमध्ये लाखांनी खपल्या, त्यामुळे त्या दुर्मीळ नाहीत. एकदोन खऱ्या कॅसेटी मागवा, मूळ कारागिरीही बघायला मिळेल. त्याच्याही पुढे जायचं असेल तर स्वतः गेम लिहा! सीसी६५ हा ६५०२ साठीचा सी कंपायलर फुकट मिळतो. २०१९ मध्ये 'मायक्रो मेजेस' नावाचा चार जणांचा नवाकोरा गेम याच यंत्रासाठी निघाला, तो फक्त ४० केबीचा. आपण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो तो नोट्सचा एक फोटोही बहुधा याहून मोठा असतो. विटी-दांडूचा असा गेम कुणी बनवला, तर निदान फायनल इयरला तीच ती लाइन फॉलोअर रोबोट बघण्यातून एक्स्टर्नल सुटतील.

दुसरा आक्षेप, "मोबाइलवर इम्युलेटर आहे की!" आहे, आणि तो वापराही. पण त्यावर बंदूक चालवून दाखवा. 'डक हंट'ची बंदूक घोडा दाबताच क्षणभर पडदा काळा करते, बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढते आणि नळीतल्या सेन्सरने तो उजेड दिसतोय का बघते. हे जमतं ते जुन्या डबा टीव्हीच्या पडद्यावर, कारण तिथे किरण ठरलेल्या वेळी ठरलेल्या रेघेवर असतो. एलसीडी चित्र काढायला उशीर करतो, म्हणून बदक उडून जातं आणि कुत्रा आपल्याला हसतो. म्हणजे पेटी जमवायची तर डबा टीव्हीही जमवावा लागतो.

आणि म्हणून या लेखातली एकच विनंती आपल्या रेक्टर सरांना आणि स्टोअर विभागाला. कॉमन रूमच्या कोपऱ्यात जो जुना एकवीस इंची टीव्ही आहे, तो डेड स्टॉक रजिस्टरवर निर्लेखनाच्या यादीत गेला आहे असं ऐकतो. सर, कृपया तो काढू नका. तो चालतो. त्याला भंगारात येतील ते चार पैसे आम्ही वर्गणी काढून कॉलेजला देऊ. (आणि पोरांनो, तो उघडायचा मात्र नाही. बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा चार्ज राहू शकतो. ते काम जुन्या टीव्ही मेकॅनिकचं.)

तुमच्याकडून काय हवं? फार काही नाही. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात पैसे घेऊन जायच्या आधी स्वतःच्या घरच्या माळ्यावर चढा. या दिवाळीत आईने आवराआवर सुरू करायच्या आत! पेटी सापडली तर घेऊन या, बंद असली तरी चालेल, उलट बंदच आणा, सेकंड इयरवाल्यांना प्रॅक्टिकल होईल. बरोबर एका कागदावर लिहून आणा: कुठल्या गावात घेतली, साधारण कुठल्या साली, दुकानातून की जत्रेतून, घरात कोण कोण खेळायचं आणि कुठला गेम सगळ्यात जास्त लागायचा. कॉमन रूममध्ये एक कपाट आणि एक फुलस्केप वही, एवढ्यावर सुरुवात होते. माझी पेटी आणि तीन कॅसेटी त्या कपाटात पहिल्या ठेवायला मी तयार आहे.

सेगा आणि निन्टेन्डो ६४ वाल्यांनी रागावू नये. त्यांनाही दुसरा रिमोट देऊ. पण मेले की सोडायचा, नियम म्हणजे नियम!